डीएससी की एआरसी?

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३-४४ ला टेकतो, आणि एमएस्सीच्या मुलांचा प्रश्न ठरलेला: "सर, एवढ्या उन्हात गोदामातलं अमोनियम नायट्रेट पेटेल का हो?" नुसत्या उन्हानं नाही. पण साधारण ३२ अंशांवर त्याच्या स्फटिकाची रचना बदलते, आकारमान वाढतं. रोज दुपारी वर, रात्री खाली असं चाललं की दाण्यांचा भुगा होतो, पोत्यात ढेकळं धरतात.

हा बदल बघायला डीएससी (डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर; नमुना ठरावीक वेगानं तापवत तो किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं यंत्र) झकास. ॲल्युमिनियमच्या इवल्याशा वाटीत तीन-चार मिलिग्रॅम, तासाभरात आलेख हातात. १६९ अंशांजवळचं वितळणंही स्वच्छ दिसतं. विघटन किती अंशांवर सुरू होतं, हा आकडा मात्र फसवा. तापवण्याचा वेग वाढवला की तोही वर सरकतो.

एआरसीचं (ॲक्सलरेटिंग रेट कॅलरीमीटर; उष्णता बाहेर जाऊ न देता पदार्थ स्वतःहून किती तापतो ते मोजणारं यंत्र) काम संथ. थोडं तापवा, थांबा, पदार्थ स्वतःहून तापतोय का बघा. मिनिटाला ०.०२ अंशाची वाढही ते पकडतं. नमुना ग्रॅममध्ये लागतो, दिवस मोडतो, यंत्रही महाग. पण थप्पीच्या पोटात कोंडलेली उष्णता पुढे काय करते, याच्या जवळ जाणारं चित्र त्यातूनच मिळतं. साठवणुकीची मर्यादा ठरवायची असेल तर मी एआरसीच्या बाजूचा. डीएससी ही आधीची चाळणी.