भांडारकर संस्थेचा पोथीसंग्रह : ग्रंथपालाच्या नजरेतून

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचा हस्तलिखित संग्रह ग्रंथपालाने आधी पाहावा तो नोंदींच्या शिस्तीसाठी. मुंबई सरकारने १८६६ पासून जमवलेल्या पोथ्या १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजातून येथे आल्या आणि कोणती पोथी कोणत्या वर्षीच्या संकलनातली, हे आजही तिच्या क्रमांकावरूनच कळते. जर्मन संस्कृतपंडित गेओर्ग ब्यूलर यांनी काश्मिरातून आणलेली, भूर्जपत्रावर तिथल्या जुन्या शारदा लिपीत लिहिलेली ऋग्वेदाची पोथी हे संग्रहाचे भूषण. २००७ मध्ये युनेस्कोने नोंदवलेल्या ३० ऋग्वेद-पोथ्यांत तिचा समावेश आहे. कागदी पोथ्यांत मात्र (माझा ओढा त्यांच्याकडेच) चुकलेल्या अक्षरावर लेखकूने फासलेली हरताळ (चूक झाकणारा पिवळा रंग) निरखावी, कारण काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत ती हमखास निसटते. वर्णनात्मक सूची चाळून, क्रमांक टिपूनच जावे.