सोलर पॅनेल किती दिवसांनी धुवायची? आष्ट्यातल्या गच्चीवरचा अनुभव

केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवून वर्ष उलटलं. ७८ हजारांची सबसिडी, नेट मीटर, बिल यांवर सगळेच लिहितात, म्हणून मी फक्त धुण्याबद्दल लिहितो. बसवणारा म्हणाला होता, "महिन्यातनं एकदा पाणी मारा, बास." आमच्याकडं हा हिशोब बसत नाही.

आष्ट्याच्या चहूबाजूंनी ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की शिवारात पाचट पेटतं, कुठं कुठं तोडीआधी उभा फडच जाळतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तीच काजळी पॅनेलवर. पहाटेच्या दवात ती भिजते, ओघळून खाली येते आणि फ्रेमच्या कडेला अडून तिथंच वाळते. लांबून पॅनेल चकाचक दिसतं, जवळ गेलं की खाली बोटभर काळा पट्टा. सगळीकडं सारखी पसरलेली धूळ एकवेळ परवडली, हा पट्टा नको. पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे तुकडे, एकापुढं एक साखळीत जोडलेले असतात. खालची ओळ झाकली की तिच्या साखळीतल्या बाकीच्यांचाही करंट अडतो.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च आम्ही दहा-पंधरा दिवसांनी धुतो. उन्हाळ्यात महिन्यानं, त्यात वळीव झाला तर तेही नाही. पावसाळ्यात फक्त कबुतरांची शीट काढायची. ती नुसत्या पावसानं जात नाही, आणि तिच्याखालचा सेल तापून कायमचा खराब होऊ शकतो.

तारखेपेक्षा रोजचे युनिट दाखवणारं सोलरचं ॲप बघा, पण लागोपाठचे दोन निरभ्र दिवसच ताडून बघा. हिवाळ्यात आमच्याकडं धुण्याआधी ११ च्या आसपास आणि धुतल्यावर १२ च्या वर युनिट पडतात. ऑगस्टमध्ये कितीही धुवा, ढगांना फडकं मारता येत नाही! मे महिन्यात एवढं ऊन असून युनिट त्या मानानं वाढत नाहीत, तो दोष धुळीचा नाही. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. शेजारच्या अण्णांनी उन्हाळाभर बोअरचं पाणी मारलं. क्षाराचे पांढरे डाग असे बसलेत की नखानंही निघत नाहीत. आम्ही नळाचंच वापरतो, तेही दिवस उगवायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जायची भीती. साबण, पावडर, तारेची घासणी काही नको. लांब दांड्याचा मऊ मॉप आणि दोन बादल्या पुरतात.

वर्षाचं कंत्राट घ्यायला एकजण आला होता. पण धुऊन मिळणार रोजचं युनिटभर. घरगुती सहा पॅनेलसाठी माणूस लावला तर वाचलेले पैसे त्याच्याच खिशात जायचे.

नवीन बसवणार असाल तर स्ट्रक्चर उभं करतानाच पॅनेल आणि कठड्यामध्ये माणूस उभा राहील एवढी जागा सोडायला सांगा. आमचा मागचा कोपरा कठड्याला चिकटलाय, तिथं मॉप नीट पोचतच नाही.