जिप्सम बोर्डचे खड्डे बुजवताना: बादलीतलं तयार कंपाउंड की कालवायची पावडर?

रंग ठरला, रोलर आले, आता भिंतीवरचे खड्डे आणि चिरा तेवढ्या बुजवायच्या राहिल्यात. जिप्सम बोर्डच्या भिंतीसाठी इथे दोन वाटा आहेत. एक, बादलीत तयार मिळणारं जॉइंट कंपाउंड. दुसरी, पाण्यात कालवायची सेटिंग पावडर. मी घरच्या भिंतींवर दोन्ही वापरलं आहे आणि दोन्हींनी भिंत रंगायच्या लायकीची होते. तरी माझं मन एका बाजूला झुकलं आहे, आणि त्याला कारण एकच आहे.

आधी तयार कंपाउंडबद्दल. झाकण उघडा, पत्र्यावर (माल ओढायच्या रुंद पात्यावर) घ्या, भिंतीवर ओढा. कालवाकालव नाही, गुठळ्या नाहीत, घाई नाही. मध्येच कोणी हाक मारली तर झाकण लावून निघून जाता येतं. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने लोण्यासारखं घासलं जातं. झाकण घट्ट लावलं तर उरलेला माल पुढच्या वेळीही चालतो. खिळ्याची भोकं, खरचटे, केसाएवढ्या रेषा एवढंच काम असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. तयार कंपाउंड घ्या.

माझी अडचण खोल खड्ड्यांपाशी सुरू झाली. दाराची मूठ आपटून बोर्ड आत दबलेला, त्याच्या बाजूला जुन्या स्क्रूंची रुंद भोकं. तयार कंपाउंड भरलं, पत्रा ओढून भिंतीला सपाट केलं. संध्याकाळी छान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर मधोमध उथळ वाटीसारखा खळगा. हे कंपाउंड फक्त सुकून घट्ट होतं. पाणी उडून गेलं की त्याने अडवलेली जागा रिकामी होते आणि माल तेवढा खाली बसतो. थर जाड असेल तर वर चिराही पडतात. म्हणून एका वेळी सुमारे ३ मिमीच्या वर थर द्यायचा नाही आणि प्रत्येक थराला साधारण २४ तास द्यायचे, हा रिवाज. १२.५ मिमीच्या बोर्डात अर्ध्यापर्यंत गेलेला खड्डा असा भरायचा म्हणजे किती दिवस सामान मांडून बसायचं, याचा हिशोब करा. हवा दमट असेल तर २४ तासही पुरत नाहीत. वरून पांढरं दिसतं, पण बोट दाबलं की आत गार आणि मऊ लागतं. त्यावर घाईने पुढचा हात मारला की तोही बसतो.

हे बसणं समोरून नीट दिसत नाही, हा त्यातला खरा त्रास. विजेरी भिंतीला टेकवून आडवी धरा, मग दिसेल. रंग दिल्यावर खिडकीतून तिरपा उजेड आला की तोच खळगा सावली धरून उभा राहतो, आणि तेव्हा सगळं पुन्हा उघडावं लागतं.

पावडरीचं वागणं वेगळं. ती मुळात पीओपीच्याच जातीची असते, फक्त लगेच घट्ट होऊ नये आणि बोर्डाला धरून राहावी यासाठी तिच्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात. पाणी मिळालं की तिचं पुन्हा जिप्सम होतं. ती रासायनिक क्रियेने घट्ट होते, म्हणून दमट हवेतही वेळेवर आवळते आणि फारच कमी बसते. पोत्यावर २०, ४५, ९० असे आकडे असतात. ती घट्ट होण्याची साधारण मिनिटं. सकाळी खड्डा भरला की त्याच दिवशी वरचा हात देता येतो.

तिचे नखरेही आहेत. घमेल्यात आधी पाणी, मग पावडर, ढवळून थोडी विश्रांती, पुन्हा ढवळणं. घमेल्यात आधीचा घट्ट झालेला चुरा राहिला तर नवा माल भराभर आवळतो. कोमट पाण्यानेही तेच होतं. एकदा घट्ट होऊ लागल्यावर पाणी घालून सैल करू नये, तो थर भुसभुशीत राहतो. उरलेला माल मोरीत ओतायचा नाही, तो पाण्याखालीही दगड होतो. शिवाय साधी, वजनदार पावडर घासताना हात भरून येतात. यावर मला एक उपाय लागू पडला: आवळली आहे पण अजून ओलसर आहे, त्या वेळात पत्र्याच्या धारेने उंचवटे तासून टाकायचे. धूळही कमी उडते. तरी मास्क हवाच, दोन्ही प्रकारांत. नवख्याने ४५ किंवा ९० घ्यावी आणि थोडी थोडी कालवावी.

टेपचंही याच्याशी नातं आहे. चिरेवर चिकट जाळीची टेप लावणार असाल तर पहिला थर पावडरीचाच हवा. तयार कंपाउंडखाली जाळीवर चीर परत येण्याची शक्यता जास्त. कागदी टेप मात्र तयार कंपाउंडमध्ये उत्तम बसते. मोठं भगदाड असेल तर त्याचे काठ चौकोनी कापा, मागे पट्टी स्क्रूने धरा, बोर्डाचा तुकडा बसवा, आणि भोवतालची फट पावडरीने भरा. पाणी मुरून बोर्ड मऊ झाला असेल तर आधी गळती थांबवा आणि तेवढा भाग कापून काढा. त्यावर यातलं काहीच टिकत नाही.

म्हणून माझ्यापुरतं असं ठरलं आहे: भरण पावडरीचं, शेवटचा पातळ हात तयार कंपाउंडचा. दोन्ही घ्यायचं जिवावर आलं असेल आणि एकच निवडायचं असेल, तर मी पावडरीचं पोतं उचलेन. तुमच्या भिंतीवर नुसते ओरखडे असतील तर कदाचित तुमचं मत उलटं होईल, आणि ते बरोबरच असेल.

काहीही निवडा, पण बोर्डाचा वरचा कागद फाटून आतला तपकिरी कागद उघडा पडला असेल, तर सैल कडा कापून तिथे आधी सीलर-प्रायमर द्या. नाहीतर ओल्या मालाने तो फुगतो. आणि डागडुजी झाल्यावर नुसत्या ठिपक्यांवर न थांबता अख्ख्या भिंतीला प्रायमरचा एक हात द्या. भरलेली जागा रंग जास्त शोषते आणि चकाकीच्या रंगाखाली तिथे मंद डाग उठतात. ते मग विजेरीशिवायही दिसतात.