फास्टडीएल की स्टीम वर्कशॉप: टीम फोर्ट्रेस २ चा सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी

टीम फोर्ट्रेस २ या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात कम्युनिटीने, म्हणजे खेळाडूंनीच, बनवलेल्या मॅपची (खेळाच्या मैदानाची) नवी आवृत्ती खेळाडूंपर्यंत पोहोचवायची, तर फास्टडीएल, म्हणजे फाइल गेम सर्व्हरऐवजी आपल्या वेब होस्टवरून उतरवू देण्याची सोय, आणि २०१५ च्या जुलैपासून या खेळात आलेले वर्कशॉप मॅप, म्हणजे स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉप विभागात चढवलेले मॅप, असे दोन मार्ग आहेत. थेट गेम सर्व्हरवरून फाइल उतरवू देण्याचा तिसरा मार्ग मी मोजतच नाही, कारण तेवढ्या वेळात खेळाडू दुसरीकडे खेळू लागलेला असतो.

वेब होस्ट बरा असेल आणि फाइल बीझेड२ पद्धतीने आकसून ठेवलेली असेल, तर निव्वळ डाउनलोडच्या वेगात या दोहोंत मला तरी सांगण्यासारखा फरक जाणवला नाही. वेळ जातो तो त्याआधी. फास्टडीएलमध्ये नवी फाइल सर्व्हरवर, तिची बीझेड२ प्रत होस्टवर आणि नवे नाव मॅपसायकलमध्ये (कोणता मॅप कोणानंतर लागणार त्या यादीत) टाकावे लागते, आणि ते करणारा माणूस त्या वेळी जागा असावा लागतो.

एवढे कष्ट मी चालवून घेतले असते, पण नावाच्या घोळाने वर्कशॉपच्या बाजूने निर्णय करून टाकला. त्या नावाची फाइल खेळाडूकडे आधीच असेल, तर खेळ ती पुन्हा उतरवत नाही. काळजीपूर्वक काम करणारा मॅपर, म्हणजे मॅप बनवणारा, नावाच्या शेवटची आवृत्तीची खूण बी३ नंतर बी४ अशी बदलतो. मात्र एखादा मॅपर भिंतीतली फट बुजवून तोच मॅप त्याच नावाने पुन्हा देतो आणि मग जुनी प्रत असलेल्या प्रत्येकाला, तुमचा मॅप सर्व्हरवरच्या मॅपपेक्षा वेगळा आहे, असे सांगून बाहेर काढले जाते. नेहमीचे खेळाडू फोल्डरमधली जुनी फाइल पुसून परत येतात. नवखा मात्र सर्व्हरच बिघडला आहे असे समजून निघून जातो. आपणच फाइलचे नाव बदलावे, तर क्यूबमॅपची, म्हणजे प्रतिबिंबांसाठी आधीच टिपलेली, चित्रे बीएसपीच्या (मॅपच्या फाइलच्या) आत मूळ नावाच्या फोल्डरमध्ये असल्यामुळे पाण्यावरची आणि काचेवरची प्रतिबिंबे बिघडतात.

वर्कशॉपमध्ये मॅपची ओळख त्याच्या क्रमांकावरून ठरते, मॅप लावताना सर्व्हर नवी आवृत्ती आहे का ते पाहतो आणि खेळाडूची प्रतही स्टीमच बदलतो.

वर्कशॉपचेही जाच आहेत. नव्या आवृत्तीत काही बिघडले, तर जुनीवर थांबून राहण्याची सोय नाही. फास्टडीएलमध्ये ती आपल्या हातात असते, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना कदाचित तेच अधिक महत्त्वाचे वाटेल. मॅपच्या नावामागे यूजीसी ही अक्षरे आणि वर्कशॉपमधल्या क्रमांकाचे शेपूट लागत असल्याने मॅपवार सेटिंगच्या फाइली आणि काही प्लगइन (सर्व्हरला जोडलेले छोटे प्रोग्राम) गोंधळतात. स्टीमची आठवड्याची देखभाल चालू असताना तर वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. तरीही, ज्यांच्या सर्व्हरवर अनोळखी खेळाडू सतत येत-जात असतात त्यांनी आधी वर्कशॉपचा विचार करावा, असे मला वाटते.

दोन्ही मार्ग एकाच सर्व्हरवर चालत असल्यामुळे फास्टडीएल मी बंद केलेले नाही. मॅपरने अजून वर्कशॉपवर न चढवलेल्या ए१, ए२ अशा कच्च्या आवृत्त्या तिथे ठेवतो आणि मॅप वर्कशॉपवर आला की त्या काढून टाकतो.