ताप-खोकल्याइतकेच मनाचे दुखणेही तपासणारा औशातील दवाखाना

औसा येथील आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे लोक ताप, बीपी, शुगर यांसाठी जातात. मनाच्या आजारासाठीही तेथे अवश्य जावे, असे मी आग्रहाने सांगेन. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या आधीपासून ते या भागात प्रॅक्टिस करीत आहेत. भूकंपानंतर अंगावर ओरखडाही नसलेली, पण छताखाली झोपायला न धजणारी माणसे येऊ लागली, तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला झोपेविषयी विचारायची सवय लागली, असे ते सांगतात.

आपल्याकडे उदास वाटते म्हणून दवाखान्याची पायरी कोणी चढत नाही. डोके जड झाले, छातीत धडधडते, एक सलाईन लावा, असेच आपण म्हणतो. सोयाबीन पाण्यात गेल्यानंतर माझ्या धाकट्या भावाचेही तसेच झाले आणि दुसऱ्या एका दवाखान्यात त्याला सलाईन व झोपेच्या गोळ्याच मिळत राहिल्या. आमच्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले, ते ठीक निघाल्यावर गेल्या पंधरवड्यातील झोप, भूक, कामातील लक्ष यांविषयी सावकाश विचारले आणि मग सरळ प्रश्न केला, "जिवाचं काही बरंवाईट करावं, असं मनात येतं का?" असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही, उलट भाऊ त्यानंतरच मोकळेपणाने बोलला. फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात ठेवण्यास डॉक्टरांनी मला बजावले. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा उपचार हाच होता.

उदासपणावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होऊ शकते आणि बरे वाटू लागले तरी ती काही महिने सुरू ठेवावी लागते, मनाने एकदम बंद करायची नाही, हे त्यांनी घरच्यांनाही बसवून समजावले. भास होणाऱ्या किंवा जीव देण्याचा बेत केलेल्या रुग्णाला ते स्वतःकडे न ठेवता लातूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांनी केसपेपरवर लिहून दिला.

उणीव एकच, पण ती गंभीर आहे. तपासणीची जागा आणि बाहेरचे बाकडे यांच्यामध्ये केवळ पडदा असल्याने आतले बोलणे बाहेर ऐकू येते. तेथे दार बसवणे फार गरजेचे आहे. तोवर आठवडी बाजाराचा दिवस टाळून संध्याकाळी उशिरा जावे, घरातील एकाला सोबत न्यावे आणि आधीच्या गोळ्यांची पाकिटे जवळ ठेवावीत, कारण ती पाहिल्याशिवाय ते नवे औषध लिहीत नाहीत.