सीडी४, सीडी८ आणि पीडी-१ च्या मोनोक्लोनल अँटिबॉडी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून पॅराफिनमध्ये बसवलेल्या मानवी ऊतींच्या ३ ते ४ मायक्रॉन जाडीच्या सेक्शनवर (कापांवर) टी पेशींचे, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचे, ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिने) शोधण्यासाठी मी गेले आठ महिने तीन क्लोन (ठरावीक ग्राहीला चिकटून तो रंगाने दाखवणाऱ्या अँटिबॉडींचे प्रकार) वापरत आहे: सीडी४ साठी ४बी१२, सीडी८ साठी सी८/१४४बी आणि पीडी-१ साठी एनएटी१०५.

सीडी८ ने फारसा त्रास दिला नाही. हा क्लोन ग्राहीच्या पेशीच्या आतल्या शेपटीला चिकटतो, त्यामुळे जिवंत, अखंड पेशींवर तो उपयोगाचा नाही. सेक्शनवर मात्र पेशीभोवतीची तपकिरी कडा स्वच्छ उमटते. प्लीहेच्या सायनसचे अस्तरही रंगते, ते टी पेशी म्हणून मोजू नये.

खरी परीक्षा सीडी४ ची. फॉर्मॅलिनमुळे झाकले गेलेले ग्राही उघडे करण्यासाठी स्लाईड आधी बफरमध्ये उकळतात; सायट्रेट बफरमध्ये पीएच ६ ला उकळलेल्या माझ्या स्लाईड फिकट राहिल्या. पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीए बफरने चित्र पालटले. टॉन्सिलमधल्या टी पेशी ठळक दिसल्या म्हणून मी सुरुवातीला समाधानी होते, पण त्या ठळकच दिसणार, कारण त्यांच्यावर ग्राही भरपूर असतात. यकृताच्या सेक्शनमध्ये कुप्फर पेशींवर (यकृतातल्या भक्षक पेशी, ज्यांच्यावर सीडी४ कमी असतो) हलकी पण निःसंशय छटा दिसू लागली, तेव्हाच डायल्यूशन (अँटिबॉडी पातळ करण्याचे प्रमाण) योग्य आहे याची मला खात्री पटली. चौथ्या महिन्यात ती छटा नाहीशी झाली आणि मी अँटिबॉडीच्या नव्या लॉटला (उत्पादनाच्या खेपेला) दोष देऊन मोकळी झाले. प्रत्यक्षात तोच बफर पुन्हा पुन्हा वापरल्याने त्याचा पीएच उतरला होता. त्या आठवड्यात टॉन्सिल मात्र नेहमीसारखेच दिसत होते!

पीडी-१ बाबतही हेच घडते. टॉन्सिलमधल्या फॉलिकलच्या (बी पेशींच्या पुंजक्याच्या) मध्यभागी, म्हणजे जर्मिनल सेंटरमध्ये, असलेल्या फॉलिक्युलर हेल्पर टी पेशी इतक्या गडद रंगतात की तेवढ्यावरच डायल्यूशन ठरवण्याचा मोह होतो, आणि मग कर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या, कमी ग्राही असलेल्या सीडी८ पेशी सुटून जातात. म्हणून फॉलिकलच्या बाहेर विखुरलेल्या मोजक्या फिकट पेशी दिसेपर्यंत मी डायल्यूशन पक्के करत नाही.

आता प्रत्येक सीडी४ स्लाईडवर रुग्णाच्या ऊतीशेजारी टॉन्सिल आणि यकृत असे दोन्ही तुकडे असतात, आणि मी आधी यकृत पाहते.