वर्धा रोडवरच्या गाड्या ओळखायला रडार कोणतं: २४ की ७७ गिगाहर्ट्‌झ?

नागपूरच्या वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांच्या कडेने ऑटो, बस, ट्रक, मोपेड असं सगळं एकत्र धावतं. नुसती मोजणी हवी असेल तर २४ गिगाहर्ट्‌झचं साधं, स्वस्त रडार पुरे. पण २४ ते २४.२५ च्या पट्ट्यात जागाच २५० मेगाहर्ट्‌झची, आणि पट्टा जितका अरुंद तितका अंतराचा बारकावा (दोन वस्तू वेगळ्या दिसायला लागणारं किमान अंतर) भरड, म्हणून तो ६० सेंटिमीटरवर अडतो. ट्रकला खेटून चाललेली मोपेड ट्रकमध्येच विरघळते.

७७ ते ८१ मध्ये ४ गिगाहर्ट्‌झ मिळतात. बारकावा चार सेंटिमीटरच्या आत येतो. मग ट्रक नुसता ठिपका राहत नाही, त्याची लांबी दिसते. खरी गंमत चाकांची: रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर स्थिर, वरची कड गाडीच्या दुप्पट वेगाने. सेकंदाला एक मीटर वेगाला ७७ वर सुमारे ५१३ हर्ट्‌झचा डॉप्लर (हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतला फरक) मिळतो, २४ वर १६० चा. चाकांची ही थरथर ७७ वर जास्त ठळक उमटते, आणि गाडीचा प्रकार ओळखायला तीच कामी येते.

मुसळधार पावसात ७७ चा पल्ला जास्त घटतो खरा, पण चौकापुरतं चालून जातं. आडवी जाणारी गाडी मात्र दोघांनाही चकवते, कारण तिचा डॉप्लर जवळपास शून्य. रडारचं तोंड रस्त्याच्या लांबीकडेच ठेवा. मी ७७ च घेईन.